जर-तरचा सीझन कसा लिहायचा: २००९ ला होंडा गेलीच नसती तर?

फॉर्म्युला वन बघणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एखादा 'जर' कायमचा अडकलेला असतो. बरेच जण तो चहाच्या टपरीवर बोलून मोकळे होतात. काहींना मात्र त्याचा अख्खा सीझन करायचा असतो: कोण कुठल्या टीममध्ये, प्रत्येक शर्यतीचा निकाल, शेवटी पॉइंट टेबल. हा लेख त्या दुसऱ्या जमातीसाठी आहे.

माझा पहिला प्रयत्न सांगतो. तिसऱ्याच शर्यतीत मी विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडियाला जिंकवलं होतं आणि सहाव्या शर्यतीपर्यंत नारायण कार्तिकेयन पोडियमवर उभा होता. वही वाचणाऱ्या मित्राने एवढंच विचारलं, "इंजिन कुणाचं लावलंयस?" मला सांगता आलं नाही. त्या एका प्रश्नातून पुढचं सगळं शिकलो.

उदाहरण म्हणून एकच सीझन घेतो, २००९ चा. ५ डिसेंबर २००८ ला होंडाने एफ-वन सोडत असल्याचं जाहीर केलं. मार्च २००९ मध्ये रॉस ब्रॉन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टीम ताब्यात घेतली, तिला 'ब्रॉन' हेच नाव दिलं, मर्सिडीजचं इंजिन बसवलं, आणि जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. वर्षअखेर बटन ९५ गुणांवर, रेड बुलचा व्हेटल ८४ वर आणि टीमचं जेतेपदही ब्रॉनकडेच. आता ही होंडा गेलीच नसती तर?

जवळ काय हवं

- त्या वर्षाच्या सगळ्या शर्यतींचे पूर्ण निकाल, वेळेच्या फरकासकट. नुसते पहिले तीन पुरत नाहीत.
- पात्रता फेरीचे (शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या फेरीचे) निकाल.
- कोणत्या टीमकडे कुणाचं इंजिन होतं त्याची यादी.
- ड्रायव्हरांच्या करारांच्या बातम्या, तारखांसह. कोण कधीपर्यंत बांधलेला होता, कुणाला कधी काढलं.
- त्या वर्षीचे नियम. आजचे नाहीत, त्या वर्षीचे.
- एक्सेलची एक शीट आणि एक साधी वही. शीटमध्ये गुण, वहीत कारणं. मी तिला कारणवही म्हणतो. प्रत्येक बदलापुढे 'हे का झालं' याची एक ओळ त्यात लिहायची. ओळ सुचली नाही तर तो बदल खोडायचा.

१. फाटा एकच ठेवा

खरा इतिहास जिथून वळतो त्या जागेला मी फाटा म्हणतो. नवख्याची पहिली चूक म्हणजे चार फाटे एकदम फोडणं. होंडा राहिली, शिवाय अलोन्सो एक वर्ष आधीच फेरारीत आला, शिवाय टोयोटाचं नशीब उघडलं. असं केलं की वाचणाऱ्याला कशामुळे काय झालं ते कळत नाही आणि तो निमूट पान उलटतो.

फाट्याला तारीख द्या आणि कारणही द्या. जगभर गाड्यांचा खप कोसळला म्हणून होंडा गेली; ती मंदी तुम्ही पुसू शकत नाही. मी एवढंच बदललं, की टोकियोत ठरलं, 'नव्या गाडीवर इतका खर्च झालाच आहे, तर २००९ चा एक सीझन पळवू आणि मग निर्णय घेऊ.' हे पटण्यासारखं आहे, कारण होंडाने २००८ च्या गाडीवरचं काम लवकर थांबवून सगळी ताकद २००९ च्या गाडीवर लावली होती. २००८ मध्ये १४ गुणांवर नववी आली ती त्याचमुळे.

२. फाट्याच्या आधीचं जसंच्या तसं

सोपं वाटतं, पण इथे भलेभले घसरतात. सिंगापूर २००८ ला रेनोच्या नेल्सन पिके ज्युनियरने जोडीदार अलोन्सोला फायदा व्हावा म्हणून मुद्दाम गाडी ठोकली, ते आपल्या फाट्याच्या आधी घडलं. म्हणजे तुमच्या २००९ मध्येही ते घडलेलंच आहे आणि कुठेतरी दबा धरून बसलंय. बाहेर कधी येतं, हा वेगळा प्रश्न. खऱ्या २००९ मध्ये हंगेरीनंतर रेनोने पिकेला काढलं आणि मग प्रकरण फुटलं. तुमच्या सीझनमध्ये त्याची सीट टिकली, तर तो तोंड उघडेल का?

डबल डिफ्यूझरचंही (गाडीच्या मागच्या भागाखालची, हवेच्या जोरावर पकड वाढवणारी दुहेरी रचना) तसंच. लोक त्याला 'ब्रॉनची जादू' म्हणतात, पण ती गाडी होंडाच्या पैशांवर आणि होंडाच्या काळात आखली गेली होती. होंडा राहिली तर डिफ्यूझरही राहतो. टोयोटा आणि विल्यम्सकडेही तो होताच, त्यामुळे बाकीच्या टीम तक्रार करणार, आणि एप्रिलमध्ये अपील कोर्टाने तो नियमात बसतो असं सांगितलं तेही बदलायचं कारण नाही.

३. आधी इंजिन, मग पैसा, ड्रायव्हर सगळ्यात शेवटी

आपण ड्रायव्हरच्या प्रेमात असतो म्हणून सुरुवात ड्रायव्हरपासून करतो. उलट करा.

इंजिन: होंडा राहिली म्हणजे मर्सिडीजचं इंजिन गेलं. २००९ ला मर्सिडीज तीन टीमना इंजिन देत होती: मॅकलारेन, फोर्स इंडिया आणि ब्रॉन. आता दोनच उरल्या. होंडाचं व्ही-८ मर्सिडीजपेक्षा कमजोर मानलं जायचं, म्हणजे लांब सरळ रस्त्यांवर आपली गाडी मार खाणार. पण दुसरी बाजूही लिहा. मर्सिडीजचं इंजिन बसवायला शेवटच्या क्षणी त्या गाडीची मागची बाजू कापावी लागली होती. होंडाच्या इंजिनाला हे करावं लागलं नसतं, कारण गाडी त्याच इंजिनासाठी बेतलेली होती.

पैसा: हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे गोष्ट उलटी फिरते. ब्रॉनकडे पैसा नव्हता. शेकडो माणसं कमी करावी लागली आणि गाडीत सुधारणा करायला फारसं काही उरलं नाही. तुर्कस्ताननंतरच्या दहा शर्यतींत बटन एकदाही जिंकला नाही. होंडाकडे पैसा असता. म्हणजे आपली होंडा सुरुवातीला ब्रॉनपेक्षा हळू आणि उत्तरार्धात ब्रॉनपेक्षा जलद. 'होंडा राहिली म्हणून बटन हरला' असं एका ओळीत लिहिणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही.

४. सीटांची साखळी ओढा

आता ड्रायव्हर. प्रत्येक सीट दोन जणांशी बांधलेली असते: जो बसला तो आणि जो बसू शकला नाही तो. एक हलवला की दुसऱ्याचं काय झालं ते लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये होंडाने बार्सिलोनात ब्रुनो सेना आणि लुकास दि ग्रासी यांना गाडीत बसवून पाहिलं होतं. म्हणजे बटनचा जोडीदार बारिकेलो याची सीट पक्की नव्हती. होंडा गेली, वेळ संपत आली, चाचण्यांचे दिवस उरले नाहीत, तेव्हा अनुभवी माणूस हवा म्हणून बारिकेलो राहिला. होंडा शांतपणे चालू राहिली असती तर बटनशेजारी ब्रुनो सेना बसण्याची शक्यता चांगली होती. मी त्याला बसवलं.

आणि मग साखळी सुरू झाली. एका शीटवर बाण काढत बसलो होतो, रात्रीचे दोन वाजले.

बारिकेलो नाही. २५ जुलै २००९, हंगेरीची पात्रता फेरी. खऱ्या इतिहासात बारिकेलोच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग मागून येणाऱ्या फेरारीच्या फेलिपे मासाच्या हेल्मेटवर आदळली आणि मासाचा सीझन तिथेच संपला. गाडीत सेना असेल तर ती स्प्रिंग त्याच सेकंदाला त्याच जागी पडणार नाही. म्हणजे मासा धडधाकट.

मासा धडधाकट, म्हणून फेरारीला बदली ड्रायव्हर लागत नाही. त्याच्या जागी लुका बादोएर वॅलेन्सियात आणि बेल्जियमच्या स्पाला शेवटून धावत नाही. मायकेल शूमाखरच्या परतण्याची चर्चाही होत नाही. खऱ्या इतिहासात तो मासाच्या जागी बसायला तयार होता, मानेच्या दुखण्याने ते हुकलं.

बादोएर नाही, म्हणून पुढच्या, मोंझाच्या शर्यतीला फोर्स इंडियाचा फिसिकेला फेरारीत जात नाही. फिसिकेला फोर्स इंडियातच राहिला, म्हणून लिउझीला त्याची सीट मिळत नाही.

बघा, टोकियोतल्या एका बैठकीपासून निघून आपण मल्ल्यांच्या टीमपर्यंत आलो, आणि वाटेत एकही गोष्ट मनाने घातलेली नाही.

साखळी पुढेही जाते. ब्रॉनच नाही म्हणून नोव्हेंबर २००९ मध्ये मर्सिडीजला विकत घ्यायला ती टीम नाही. बटनला मॅकलारेनमध्ये जायचं तितकं कारण नाही, म्हणून तिथल्या कोवालाइनेनची सीट कदाचित वाचते. रोसबर्ग विल्यम्समधून निघून जाणार कुठे? शूमाखरचं २०१० चं पुनरागमन ज्या दोन खांबांवर उभं होतं, मर्सिडीजची टीम आणि मासाच्या जागेची ती चर्चा, ते दोन्ही गेले. आणि २०१३ ला मर्सिडीजमध्ये गेलेला हॅमिल्टन... नको. इथे हात आवरा. आपण एक सीझन लिहितोय. पुढचे बाण वहीच्या शेवटच्या पानावर टाका आणि पान मिटा. दहा वर्षांची मालिका करायला गेलेले मी पाहिलेत. दुसऱ्या वर्षाच्या पाचव्या शर्यतीत सगळे दमतात.

५. वेगाला आकडा द्या, मग डोकं वापरा

'होंडा जरा हळू' असं लिहून चालत नाही. जरा म्हणजे किती? मी कमजोर इंजिनासाठी दर फेरीला ०.३ सेकंद धरले. हा आकडा माझा, अंदाजाचा आहे. तुमचा वेगळा असू शकतो, पण एकदा ठरवला की सोयीप्रमाणे बदलायचा नाही.

बहरीन घ्या. खरा निकाल: बटन पहिला, व्हेटल ७.२ सेकंद मागे, ट्रुली ९.२, हॅमिल्टन २२.१. शर्यत ५७ फेऱ्यांची. ५७ गुणिले ०.३ म्हणजे १७.१ सेकंद. बटन व्हेटल आणि ट्रुलीच्या मागे गेला, हॅमिल्टनच्या पुढे राहिला. त्याचे १० गुणांचे ६ झाले, व्हेटलचे ८ चे १०. एका शर्यतीत दोघांमधलं अंतर सहा गुणांनी हललं.

हे झालं गणित. आता डोकं. खऱ्या शर्यतीत बटनने दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीलाच हॅमिल्टनला मागे टाकलं होतं, आणि ती शर्यत तिथेच वळली. कमजोर इंजिन घेऊन, केईआरएस (ब्रेकची ऊर्जा साठवून काही सेकंद जादा ताकद देणारी यंत्रणा) असलेल्या हॅमिल्टनच्या मॅकलारेनला, बहरीनच्या त्या सरळ रस्त्यानंतर मागे टाकता आलं असतं का? मला नाही वाटत. तो हॅमिल्टनच्या मागे अडकून आणखी वेळ घालवतो. म्हणून मी त्याला चौथा दिला.

मोनॅको उलटं शिकवतं. तिथे इंजिनाला फार काम नसतं म्हणून मी ०.१ धरला. हा अपवाद सीझन सुरू करण्याआधीच वहीत लिहून ठेवला होता, निकाल बघून नाही. ७८ फेऱ्या, ७.८ सेकंद. फेरारीचा राइकोनेन १३.४ मागे होता, म्हणजे बटन तरीही जिंकतो. पण त्याच हिशेबाने दुसरी होंडा, जी प्रत्यक्षात ७.७ मागे होती, १५.५ वर जाते आणि राइकोनेन व मासा दोघांच्याही मागे पडते. कागदावर. मोनॅकोत पुढच्या गाडीला ओलांडून दाखवा म्हणावं! मात्र तिथे आता बारिकेलो नाही, पहिल्यांदाच एफ-वनमध्ये आलेला सेना आहे, आणि मुळात त्याला तितकी चांगली पात्रता जमेल का? मी त्याला सहावा ठेवला. कारणवहीत दोन ओळी.

सगळ्यात मोठा खड्डा मेलबर्नचा. तिथे ब्रॉनच्या दोन गाड्या पहिल्या-दुसऱ्या, मग टोयोटाचे ट्रुली आणि ग्लॉक. आळशी माणूस काय करतो? ब्रॉनच्या दोन ओळी खोडतो आणि खालचे वर सरकवतो. झाली टोयोटा पहिली आणि दुसरी! २००२ ते २००९ एकही शर्यत न जिंकलेली टोयोटा. पण शेवटून तिसऱ्या फेरीत व्हेटल आणि कुबित्सा दुसऱ्या जागेसाठी भांडताना एकमेकांवर आदळले होते. बटन समोर नसता तर ते पहिल्या जागेसाठी भांडत असते, कदाचित वेगळ्या फेरीत, वेगळ्या टायरवर. निकालाच्या यादीतून ओळी कधीच खोडू नका. शर्यत पुन्हा पळवा.

६. त्या वर्षीचे नियम

इथे फक्त सापळे सांगतो.

गुण १०-८-६-५-४-३-२-१. पंचवीसवाली पद्धत २०१० ची. मलेशियाची शर्यत पावसाने अर्ध्यावर थांबली म्हणून अर्धे गुण, व्हेटलचा जोडीदार वेबर याचे वर्षअखेरचे ६९.५ त्यामुळेच.

शर्यतीत इंधन भरणं २००९ ला चालू होतं. पात्रतेच्या शेवटच्या टप्प्यात गाड्या शर्यतीचं इंधन घेऊनच धावायच्या, त्यामुळे पोल (पहिल्या जागेवरून सुटणं) म्हणजे सगळ्यात जलद गाडी असं समजू नका. हलकी गाडीसुद्धा असू शकते.

कायमचे गाडी-क्रमांक २०१४ ला आले. २००९ ला क्रमांक टीमला मिळायचे. गंमत बघा, त्या वर्षी १६-१७ विल्यम्सकडे, २०-२१ फोर्स इंडियाकडे, ब्रॉनला २२-२३, आणि मधले १८-१९ कुणाकडेच नव्हते. तुमच्या होंडाला तेच द्या. जाणकार वाचकाला एवढ्यावरूनच कळतं की लिहिणाऱ्याने अभ्यास केलाय.

सुपर लायसन्सची (एफ-वनमध्ये धावण्याच्या परवान्याची) ४० गुणांची आणि किमान १८ वर्षांची अट २०१६ पासूनची. २००९ ला ती लावू नका.

७. बदली ड्रायव्हरला लगेच हिरो करू नका

२००९ पासून सीझन चालू असताना चाचण्या बंद झाल्या. मध्येच आलेला माणूस गाडी शुक्रवारीच पहिल्यांदा ओळखतो. बादोएर दोन्ही शर्यतींना ग्रिडवर (सुटण्याच्या रांगेत) शेवटचा होता. फिसिकेलाने फोर्स इंडियात दुसरा क्रमांक काढला आणि लगेच फेरारीत गेल्यावर पाच शर्यतींत एकही गुण मिळवला नाही. उलट उदाहरणही आहे: कोबायाशी ग्लॉकच्या जागी आला आणि दुसऱ्याच शर्यतीत, अबू धाबीला, सहावा आला. म्हणजे सहावा देता येईल. पहिला देऊ नका.

८. जिवंत माणसं आहेत

निकाल कल्पनेतला चालतो. पण खऱ्या माणसाच्या तोंडी खोटी कबुली किंवा शिवी घालू नका, आणि जो गुन्हा त्याने केला नाही तो त्याच्यावर लादू नका. अपघात टाळायला फाटा वापरा, घडवायला नको. मासाला वाचवताना मला बरं वाटलं होतं. त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला जखमी करायची कल्पना एकाने सुचवली, ती मी घेतली नाही.

९. लाडक्या टीमला जिंकवायचंच असेल तर

मला माहीत आहे तुम्ही इथेच थेट आलात. ३० ऑगस्ट २००९, स्पा. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. फिसिकेलाची फोर्स इंडिया पोलवर, आणि शेवटी राइकोनेनच्या मागे सेकंदभरही नाही. ती शर्यत बघितलेला भारतीय माणूस आजही हळहळतो.

जिंकवता येतं, पण रस्ता साखळीतूनच काढायचा. सुरुवातीला फिसिकेला पुढे होता. पहिल्याच फेरीत बटन, ग्रोजाँ, हॅमिल्टन आणि आल्गेर्सुआरी एकमेकांत अडकून बाद झाले, सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांचा वेग आवरायला पुढे धावणारी गाडी) आली, सगळे एका रांगेत गोळा झाले, आणि शर्यत पुन्हा सुरू होताच राइकोनेनने केईआरएसचं बटण दाबून फिसिकेलाला ओलांडलं. पुढे फोर्स इंडिया वेगात कुठेही कमी नव्हती.

आता बटन त्या गर्दीत का होता? कारण तो ग्रिडवर चौदावा होता. आपली होंडा उत्तरार्धात पैशांमुळे सुधारलेली आहे, हे आपण तिसऱ्या पायरीतच ठरवलं होतं. समजा त्या सुधारणेने बटन नववा आला. मग तो त्या कोपऱ्यावर ग्रोजाँच्या वाटेत नाही. टक्कर नाही, सेफ्टी कार नाही. राइकोनेनला ते फुकटचं अंतर मिळत नाही.

पण थांबा. इंजिन कमजोर आणि स्पा म्हणजे लांब सरळ रस्ते, मग बटन नववा कसा? हा प्रश्न वाचक विचारणारच. आणि दुसरा त्याहून अवघड: आपण मासाला वाचवलाय. खऱ्या स्पाला दुसऱ्या फेरारीत शेवटून पळणारा बादोएर होता. आता तिथे मासा आहे, त्याच गाडीत, तेच केईआरएस घेऊन, आणि आदल्याच वर्षी स्पाची शर्यत त्याच्या नावावर लागलेली आहे. एका फेरारीपासून फिसिकेलाला सोडवलं आणि दुसरी मागे लावून दिली.

माझ्या शीटमध्ये स्पाच्या रकान्यात पहिल्या दोन जागा अजून पेन्सिलने लिहिलेल्या आहेत. मासा तिसऱ्यावरून सुटला तर फिसिकेला दुसरा, सातव्यावरून सुटला तर पहिला. मासाची २००८ ची आणि २००९ च्या पूर्वार्धातली पात्रता राइकोनेनशी ताडून बघायचं काम चालू आहे. नऊ शर्यती झाल्या, आठ बाकी.